मुरबाडच्या नानांचे नाट्यगृह आणि ठाण्याचा पंच

मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातले नाना शंकरशेट म्हटले की रेल्वे आणि शाळा आठवतात. नाटकाच्या इतिहासातही त्यांचे नाव पहिल्या पानावर हवे. मुंबईचे जुने इंग्रजी नाट्यगृह कर्जापायी १८३५ मध्ये विकले गेले. नव्यासाठी ग्रँट रोडची जागा नानांनी दिली आणि १८४६ मध्ये ते उभे राहिले. साहेबांच्या करमणुकीसाठी बांधलेल्या त्या रंगमंचावर १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी मराठी खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळीही तिथे उतरली. घर एक आणि भाडेकरू अनेक! मुंबईतल्या नाटक मंडळ्यांची चुरस खरी इथून धरावी, असे मला वाटते.

चुरस आली की तिची टवाळी करणारेही येतात. छापील टवाळीचे मूळ शोधायला मात्र लंडनला जावे लागते. ड्रुरी लेन आणि लिंकन्स इन फील्ड्स ही तिथली नाट्यगृहे सोंगे आणि मूकनाट्ये दाखवून एकमेकांचे प्रेक्षक ओढत होती. विल्यम होगार्थने १७२४ साली त्यावर चित्रे कोरून छापली. एका चित्रात लोकांची असल्या खेळांना झुंबड उडाली आहे आणि एक बाई शेक्सपिअर, ड्रायडन यांची नाटके रद्दी म्हणून हातगाडीवरून नेते आहे. दुसऱ्यात ड्रुरी लेनचे तिघे चालक बाहुल्या नाचवत बसले आहेत. चुरशीपायी नाटकच रद्दीत निघाले, हा त्याचा संताप. तीनशे वर्षांनीही ती हातगाडी पाहून पोटात कालवते.

पुढे लंडनला १८४१ मध्ये 'पंच' हे टवाळीचे पत्र निघाले, मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच'. मराठीतला 'हिंदुपंच' मात्र मुंबई-पुण्याचा नव्हे, आपल्या ठाण्याचा. 'अरुणोदय' काढणाऱ्या फडक्यांच्या घरातला. त्याची जीभ इतकी तिखट की नामदार गोखल्यांनी १९०९ मध्ये त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला.

आपल्याकडची चुरस इमारतींची कमी, फिरत्या मंडळ्यांची जास्त. नट हेच भांडवल. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र दोन बाजूंनी बोलू लागला. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ पासून उभी होतीच. लंडनला १७५० मध्ये दोन नाट्यगृहांनी एकाच वेळी 'रोमिओ अँड ज्युलिएट' लावून एकमेकांशी झुंज घेतली होती. आपल्याकडे ८ जुलै १९२१ रोजी उलट घडले. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होऊन एकाच 'मानापमाना'त उभे राहिले. मराठी चुरशीची ही सर्वांत उंच जागा. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तमाशाचे फड येतात. फडांची चुरस जाहिरातीच्या कागदावरच जास्त दिसते: कोणाचे नाव वर, कोणाचे मोठ्या ठशात. हे कागद जत्रा उठली की चुलीत जातात.

मुरबाड-शहापूरच्या घरांत जुन्या ट्रंकेत नाटकाची हस्तपत्रके, फडांच्या जाहिराती, 'हिंदुपंचा'चे अंक असतील तर रद्दीला घालू नका. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. आधी तिथे दाखवा.