शिंदे, सिंदे आणि सिंधिया

आडनाव हे वाडवडिलांकडून आलेले धन खरे. पण दागिन्यासारखे ते पेटीत कुलूपबंद करून ठेवता येत नाही. ते सदा दुसऱ्यांच्या तोंडी असते, आणि ज्याच्या तोंडी जाईल त्याचे वळण त्याला लागते. मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे आणि कावेरीकाठी गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आडनावेही गेली. त्यांतली काही परत आली ती अशी, की घरच्यांनाच ओळखू येईनात!

महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यांच्या घराण्याचे नाव उत्तरेत सिंधिया झाले. इंग्रजाने ते लिहिताना आरंभी एस आणि सी ही दोन अक्षरे जोडली. सिंध प्रांताचे नावही त्या काळी तो तसेच लिहीत असे. पुढे याच नावाने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून विलायतेस निघाली. ही बोट पूर्वी ग्वाल्हेरच्या महाराजांची. घोड्यावरून उत्तरेत गेलेले आडनाव असे जहाजावरही चढले!

बडोद्याच्या गायकवाडांचे इंग्रजी कागदांत 'गायकवार' झाले. यात साहेबाचा कान अगदीच वाईट होता असे नव्हे. शब्दाच्या पोटातला वा शेवटचा 'ड' आपण जीभ उलटी मारून सोडतो. ज्याच्या भाषेत तो ध्वनी नाही, त्याला तो 'र'जवळचा वाटतो. होळकरांवर याहून मोठा प्रसंग आला. त्यांचे मूळ गाव होळ. हिंदीच्या लेखणीत 'ळ' नाही, म्हणून ते होलकर झाले, आणि आडनावातले गावच हरवले. लोकमान्य टिळकांचेही हिंदीत 'तिलक' झाले. तिथे तर 'ट' आणि 'ळ' दोन्ही गेले.

पण परका माणूस नाव बिघडवतोच असे नाही. कधी तो ते जपतोही. भोसले हे नाव पूर्वी 'भोंसले' असे अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजी 'भोंसला' मात्र तो जुना नाकातला सूर अजून सांभाळून आहे. गोव्यात पोर्तुगीज दप्तरांत प्रभूंचे 'पोरोबो' आणि शेणव्यांचे 'सिनाय' झाले. 'पोरोबो' वाचून आपण हसतो. पण कोकणीतला 'अ' ओठ गोल करूनच निघतो, आणि दप्तरातल्या कारकुनाने तेवढा तरी प्रामाणिकपणे टिपला!

आता घराकडे पाहू. आपल्या मुलखात तरी एक उच्चार कुठे आहे? वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो. देशावर कित्येक घरांत 'श' आणि 'स', 'ण' आणि 'न' एकाच पंगतीला बसतात. आणि इथेच मला, एका शाळामास्तराला, थोडे कडू बोलावेसे वाटते. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात शिंद्यांचे सिंधिया झाले तर ती शान. आणि हजेरीच्या वेळी बाकावरचा पोरगा उभा राहून आपले नाव 'सिंदे' असे सांगू लागला, की वर्गात खसखस पिकते! गंमत अशी, की जुन्या मोडी कागदांत थेट 'सिंदे' असेच लेखन आढळते. म्हणजे तो पोरगा चुकत नसतो. तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचे नावच सांगत असतो.

प्रमाणभाषा शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. पुस्तकातला धडा शुद्ध वाचावा, निबंध शुद्ध लिहावा. तो शिकवण्याचा पगार आम्ही घेतो. पण धडा सर्वांचा असतो. आडनाव एकाच घरचे. ते कसे उच्चारावे हे सांगण्याचा पहिला मान त्या घराचा.

दिवाळीच्या दिवसांत फराळाला नवी माणसे येतील. नवा शेजारी येईल, सुनेच्या माहेरची मंडळी येतील, परप्रांतातला स्नेही येईल. त्यांचे आडनाव जिभेला अडले, तर हसण्याआधी एकदा विचारावे, "तुम्ही घरी कसे म्हणता?" एवढ्या एका प्रश्नाने पाहुण्याला जी गोडी लागेल, ती ताटातल्या करंजीलाही साधायची नाही.