जिल्ह्याचे गाव नसलेला जिल्हा

दरवर्षी जून महिन्यात प्रवेश-अर्ज तपासताना एक गंमत आमच्या पाहण्यात येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत जन्मलेली आणि वाढलेली मुले 'जिल्हा' या रकान्यात बिनदिक्कत 'मुंबई' असे लिहितात. त्यांचा जिल्हा 'मुंबई उपनगर' असून त्याचे मुख्यालय वांद्रे पूर्व येथे आहे, हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. यात मुलांचा दोष कमी आणि इतिहासाचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या इतिहासाकडे थोडे वळून पाहण्याचा हा प्रयत्न.

'जिल्ह्याचे गाव' किंवा 'तालुक्याचे गाव' म्हटले की मराठी मनात एक निश्चित चित्र उभे राहते. कचेरी, कोर्ट, एसटीचा थांबा, आठवड्याचा बाजार, वकिलांच्या पाट्या आणि झाडाखाली कागद लिहून देणारा अर्जनवीस. अमेरिकेतील काउंटीचे मुख्य ठाणेही याच जातीचे. तिथे सुमारे ३,१०० काउंट्या आहेत आणि त्यांतील कित्येकींची लोकसंख्या दहा हजारांचा आकडाही गाठत नाही. पुष्कळ ठिकाणी गावाच्या मध्यभागी चौक, चौकात न्यायालयाची इमारत आणि सभोवती दुकाने अशी रचना दिसते. जमिनीचे दस्त, विवाहाची नोंद, मृत्युपत्र हे सारे त्या इमारतीच्या आश्रयाने असते. विल्यम फॉक्नरने मिसिसिपीतील ऑक्सफर्ड हे आपले गाव डोळ्यांसमोर ठेवून 'जेफर्सन' हे काल्पनिक ठाणे उभे केले, त्यातही न्यायालय आणि चौक मध्यवर्ती आहेत. जिथे आपला कागद, तिथे आपले गाव, असा हा साधा हिशेब आहे.

आपल्या उपनगरांत मात्र हा कागदच वारंवार घर बदलत राहिला. हा सगळा प्रदेश मूळचा साष्टी बेटाचा. 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव आले असे मानतात. पोर्तुगीजांकडून १७३७ ते १७३९ या काळात हे बेट मराठ्यांकडे आले. १७७४ मध्ये ते इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. पुढे दीर्घकाळ साष्टीच्या रयतेचे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे हेच होते. १८४५ मध्ये अवाबाई जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीमचा बांध झाला, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईस गाडी येऊ लागली. लोकांची पावले मुंबईकडे वळली. दप्तर मात्र ठाण्यातच राहिले.

१९१७ मध्ये साष्टी तालुक्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. १९२० मध्ये दक्षिण साष्टीतील ८४ गावे ठाण्यातून काढून 'मुंबई उपनगर' हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. पण त्याला स्थैर्य लाभले नाही. १९४५ मध्ये ३३ गावे पुन्हा ठाण्यास जोडली गेली. त्यांतील १४ गावे आरे दुग्धवसाहतीच्या निमित्ताने पुढच्याच वर्षी परत आली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडूपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. म्हणजे एखाद्या वृद्ध बोरिवलीकराने घर न सोडता, अंगणातला माड न हलवता, हयातीत तीन-चार वेळा जिल्हा बदललेला असणार. मध्ये डोंगर आणि जंगल, पलीकडे ठाणे, अशा स्थितीत एका दाखल्यासाठी त्याने किती पायपीट केली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांचा आजचा उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली. विधानसभेचे २६ मतदारसंघ येथे आहेत. परंतु जिल्हा परिषद नाही, महापालिका दोन्ही जिल्ह्यांची मिळून एकच आणि दिवाणी व सत्र न्यायालयही बृहन्मुंबईचेच, दिंडोशीला त्याची शाखा. वांद्र्याच्या शासकीय वसाहतीत जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे, पण तिच्याभोवती जिल्ह्याचे गाव काही वसले नाही. दहा हजारांच्या काउंटीला चौक आहे आणि आमच्या जवळजवळ कोटभर माणसांना तो नाही.

यामुळे बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते गावठाणांचे आणि कोळीवाड्यांचे. वेसावे, मढ, गोराई, खारदांडा, मरोळ येथील कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ही येथील मूळची माणसे. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये धारण केले, तेव्हा ही सारी गावेच होती. भोवती मनोरे उठले, तरी महसुली दप्तरात आजही मौजे आंबिवली, मौजे एक्सर, मौजे किरोळ, मौजे नाहूर अशीच नोंद असते. मनोऱ्यात राहणाऱ्याला आपण कोणत्या मौजेत राहतो हे ठाऊक नसले तरी चालते. गावठाणातल्या माणसाचे मात्र अस्तित्वच त्या नोंदीवर उभे असते. कोळीवाड्याची सीमा कोठे आखायची, सुकी मासळी वाळवण्याची जागा गावाची की सरकारची, याचा निकाल कचेरीतला नकाशा करतो. म्हणून जिल्हा कोणता, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने केवळ रकान्याचा नाही.

अलीकडे एक सुखद गोष्ट घडली. २०२२ व २०२३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या दोन मार्गांवर एक्सर, शिंपोली, वळनई, मागाठाणे, आकुर्ली, मोगरा, गुंदवली अशी स्थानके आली. दप्तरात निजलेली गावे फलकावर आली आणि ध्वनिक्षेपकावरून दिवसभर त्यांचा पुकारा होऊ लागला. पाटीमुळे गाव परत येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु परवा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोगरा हे गाव होतं का?" आम्ही त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर साष्टीचा नकाशा काढला.