टॅक्सीवाल्यांचा मेंदू आणि आपला मेंदू : एका प्रश्नाचा इतिहास

कामठ्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावात एखादा माणूस अंधाऱ्या रात्रीही बांध्यांमधून बरोबर घरी पोचतो. दुसरा मात्र गोंदियाच्या बाजारात दोन वळणं घेतली की गोंधळतो. हा फरक मेंदूच्या रचनेत दिसतो का? संशोधनाकडे वळणाऱ्यांनी या प्रश्नाचा इतिहास जरूर पाहावा. एक खरा निष्कर्ष चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कसा वापरला जातो, ते त्यात दिसतं.

1948 मध्ये एडवर्ड टोलमन यांनी मांडलं, की उंदीर नुसती वळणं पाठ करत नाही, तो डोक्यात नकाशा तयार करतो. 1971 मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या तो ठरावीक जागी आला की सक्रिय होतात. म्हणजे नकाशाचा पत्ता लागला. या कामासाठी ओकीफ यांना 2014 मध्ये नोबेल मिळालं.

मग 2000 साली एलिनॉर मग्वायर यांच्या गटाने लंडनच्या 16 टॅक्सीचालकांचे एमआरआय तपासले. या चालकांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, पुढचा मात्र लहान. निष्कर्ष जगभर गाजला आणि लोकांनी सोपं सूत्र बनवलं : हिप्पोकॅम्पस मोठा, तर दिशाज्ञान चांगलं.

पण थांबा. आधीच तसा मेंदू असलेली माणसंच टॅक्सीचालक होत असतील तर? की हा नुसता गाडी चालवण्याचा परिणाम? 2006 मध्ये त्यांची तुलना ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांशी केली. फरक टिकला, म्हणजे कारण केवळ ड्रायव्हिंग नव्हतं. 2011 मध्ये कॅथरीन वूलेट आणि मग्वायर यांनी 79 उमेदवारांचं प्रशिक्षणाआधी स्कॅन केलं आणि त्यांच्यापैकी परत आलेल्यांचं नंतरही. सुरुवातीला फरक नव्हता. नंतर जे 39 जण पास झाले, त्यांच्यातच वाढ दिसली.

आता खरी मेख. आपल्यासारख्या सामान्य माणसांमधला फरक यातून कळतो का? 2019 मध्ये स्टीव्हन वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी 90 जणांवर हे तपासलं. हिप्पोकॅम्पसचा आकार आणि रस्ता शोधण्याची क्षमता यांचा संबंध सापडला नाही. 2020 मध्ये मग्वायर यांच्याच गटाने 217 जण घेतले, तरीही भरीव संबंध नाही.

म्हणजे 2000 चा निष्कर्ष खोटा ठरला का? नाही. अनेक वर्षांच्या सरावाने मेंदू बदलतो का, हा एक प्रश्न. माणसामाणसांतला नेहमीचा फरक आकारामुळे असतो का, हा दुसरा. पहिल्याचं ‘हो’ दुसऱ्याला लावता येत नाही.

2022 मध्ये ‘सी हिरो क्वेस्ट’ या मोबाइल गेममधून 38 देशांतल्या जवळपास चार लाख लोकांची माहिती तपासली गेली. शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने रस्ता शोधण्यात सरस निघाले. म्हणजे कुठे लहानाचे मोठे झालो, यालाही महत्त्व आहे. कामठ्यासारख्या गावातून संशोधनाचा प्रश्न शोधणाऱ्याला इथे भरपूर वाव आहे.

प्रस्ताव लिहिताना एवढं करा : नमुना कोणाचा, तुलना कोणाशी आणि मोजमाप बदलाचं की फरकाचं, हे तीन मुद्दे पहिल्याच पानावर लिहा.