मरीचा मागोवा

वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांतून चालताना वाटेच्या कडेला दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांतील कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. गावकरी त्यांच्यापाशी जमत आणि मरीपासून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करीत. त्या पिढीने काय सोसले, याची साक्ष हे क्रूस देतात. परंतु त्या रोगाचा माग माणसाने कसा काढला, हे जाणून घ्यायचे तर आपल्याला मांडवीच्या दाट वस्तीत जावे लागेल.

गोव्यातील हडफडे येथे १८५६ मध्ये जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करीत होते आणि नगरपालिकेचे सभासदही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रुग्ण तपासताना हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. ज्या बंदराचे सारे वैभव व्यापारावर उभे होते, त्याला प्लेगचे नाव लागणे किती जणांना अप्रिय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढील तपासणीत व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. तोवर रोग मांडवीबाहेर पसरू लागला होता. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कोणालाच उमगले नव्हते. दोष घाणीचा आणि कोंदट हवेचा, असे मानून घरे चुन्याने रंगविली गेली, गटारांत जंतुनाशके ओतली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. घरांच्या झडत्या, आगगाडीच्या स्थानकांवर प्रवाशांची अंगतपासणी, रुग्णांना बळाने इस्पितळात नेणे हे सर्व सुरू झाले. पुण्यात तर हे काम गोऱ्या सैनिकांकडे सोपविले गेले. त्या रोषातूनच २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी १० मार्च रोजी, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या.

बळजबरीचा आणखी एक परिणाम झाला, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. लोक रुग्ण लपवू लागले, प्रेते लपवू लागले, मृत्यूची नोंद दुसऱ्याच आजाराखाली करू लागले. साथीचा अभ्यास नोंदींवर उभा असतो. भीतीने नोंदच खोटी ठरली, तर रोग कोठे आहे हे अधिकाऱ्याला कळावे तरी कसे?

याउलट वाल्डेमार हाफकिन यांची रीत पाहा. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये प्लेग आला, तेव्हा तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, तर न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. बडोद्याजवळील उंढेरा गावी १८९८ मध्ये त्यांनी एकेका कुटुंबातील काहींना लस दिली व काहींना दिली नाही. एकाच छपराखाली राहणाऱ्यांची अशी तुलना झाल्यामुळे घर, अन्न, पाणी यांतील फरकाचा आक्षेप घेण्यास जागा उरली नाही. रोग एकाच घरात कोणाला गाठतो आणि कोणाला सोडतो, हे आकड्यांत दिसले.

त्याच वर्षी कराचीत पॉल लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हीच प्लेगची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले; पण कित्येक वर्षे त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. १९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आणि प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून पडताळा घेतला. ज्या पिंजऱ्यापर्यंत पिसवांना पोहोचता येत नव्हते, त्यातील प्राणी रोगापासून वाचले. दोष हवेचा नव्हता, हे मग सिद्ध झाले.

परंतु विश्वास हाही नाजूक असतो. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील दूषित लसीमुळे १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. त्यातून ते १९०७ मध्ये मुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. व्हिएगस १९०६ मध्ये मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

२०२० च्या करोनात १८९७ च्या त्याच कायद्याचा आधार पुन्हा घेतला गेला. त्या दिवसांत मूठभर माणसांच्या उपस्थितीत दफनविधी करताना, आणि नंतर नोंदवहीत नाव लिहिताना, आम्हां धर्मगुरूंचा हात जड होत असे. पण नोंद खरी लिहिणे ही मृताची, आणि त्याच्यामागे राहणाऱ्यांचीही, सेवाच आहे. मांडवीत एका डॉक्टराने रोगाचे खरे नाव उच्चारले, ती त्याच सेवेची सुरुवात होती. पाखाडीतील क्रूसापाशी मेणबत्ती लावताना आपण त्याचेही स्मरण करावे.