लेट-७चं कूळ
‘सी. एलिगन्स’ हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी ठरलेल्या पायऱ्या चढत काही दिवसांत प्रौढ होतो. त्याच्या ‘लिन-४’ या जनुकात बिघाड झाला, की त्याच्या पेशी बालपणीचीच कामं पुन्हापुन्हा करत राहतात. ‘लिन-१४’ बिघडलं, तर याच्या अगदी उलट: पेशी मधल्या पायऱ्या गाळून अकाली प्रौढ होतात. एमआयटीत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करताना व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना या जोडीनं झपाटलं. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी या कृमींचा काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे दोघांनी आपापल्या प्रयोगशाळा थाटल्या. हार्वर्डमध्ये अ‍ॅम्ब्रोस यांच्या सहकारी रोझालिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाम यांनी लिन-४ हुडकून काढलं. पण त्यातून प्रथिन तयारच होत नव्हतं. हाती आला तो फक्त २२ अक्षरी आरएनए. १९९२च्या जूनमध्ये अ‍ॅम्ब्रोस यांच्या लिन-४ची आणि रुव्हकन यांच्याकडच्या लिन-१४ची अक्षरं दोघांनी ताडून पाहिली. लिन-४ हा चिमुकला रेणू लिन-१४च्या संदेशाच्या टोकाला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही, हे स्पष्ट झालं. डिसेंबर १९९३मध्ये दोघांचे निबंध ‘सेल’च्या एकाच अंकात आले. जीवशास्त्रात मात्र फारशी खळबळ उडाली नाही. कृमींची ही एखादी खासियत असावी, अशीच समजूत होती.

ती मोडली २०००मध्ये. रुव्हकन यांच्या प्रयोगशाळेला असाच दुसरा रेणू सापडला, लेट-७. तो माशीत होता, माशात होता आणि माणसातही, तोही एका अक्षराचा फरक न होता! पुढच्याच वर्षी या साऱ्या गोताला ‘मायक्रोआरएनए’ हे नाव मिळालं.

लेट-७ नसेल, तर कृमीच्या पेशी प्रौढ व्हायचं सोडून विभागतच राहतात. कर्करोगाच्या अभ्यासकांचे कान टवकारले जावेत, अशीच ही गोष्ट. २००४मध्ये जपानी संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी तपासल्या, तेव्हा अनेकांत लेट-७ घटलेला निघाला आणि असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगले होते. त्यामागचं एक कारण येलमधल्या फ्रँक स्लॅक यांच्या गटानं २००५मध्ये दाखवलं: पेशींना वाढीचा आदेश देणाऱ्या ‘रास’ प्रथिनावर लेट-७चा लगाम असतो. विशेष म्हणजे हा लगाम कृमीतही आहे आणि माणसातही.

पण फुफ्फुसाच्या कर्करोगात रुग्णाच्या जिवावर बहुतेकदा उठतो तो रोगाचा फैलाव. तो रोखण्याच्या कामात गोतातली दुसरी शाखा पुढे येते, ‘एमआयआर-२००’. अस्तराच्या पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात; त्यांना धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. ‘झेब’ नावाची प्रथिनं ते बनू देत नाहीत, आणि एमआयआर-२०० झेबला आवरतो. झेबही उलट एमआयआर-२००ला दाबतो. या चढाओढीत झेबची सरशी झाली, की पेशींची पकड सुटते आणि त्या गाठ सोडून निघतात. टेक्सासच्या एमडी अँडरसनमधल्या संशोधकांनी २००९मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या पेशींत एमआयआर-२०० जबरदस्तीनं वाढवला, तेव्हा त्यांची पसरण्याची ताकदच गेली.

मग हाच रेणू औषध म्हणून का देऊ नये? उत्तर इतकं सोपं नाही. दूरच्या अवयवात पोहोचलेल्या पेशीला तिथं बस्तान बसवायला पुन्हा अस्तरासारखं व्हावं लागतं. २०११मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या प्रयोगांत दिसलं, की त्या टप्प्यावर एमआयआर-२०० रोगाच्याच मदतीला येतो. त्यातच एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर अंमल गाजवतो. गोतातल्याच एमआयआर-३४ची नक्कल करणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी २०१३मध्ये सुरू झाली; प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती २०१६मध्ये थांबवावी लागली. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४चं नोबेल मिळालं, तेव्हाही फुफ्फुसाच्या कर्करोगावर मायक्रोआरएनएचं मान्यताप्राप्त औषध नव्हतं. हा रेणू निरोगी पेशींना न डिवचता फक्त गाठीपर्यंत न्यायचा कसा, याचीच खटपट अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.