टेम्पो : लहान मालमोटारीचा इतिहास आणि तिची ओढ

राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या कोणत्या वाटेने गेल्या, हे इतिहासकार कोसाकोसाने सांगू शकतात. पण कापसाचे बोजे, तुरीची पोती आणि लग्नघरची भांडी कशातून गेली, असे विचारले की ते मौन धरतात. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे, आणि गॅरेजात, वजनकाट्यावर व वाचनालयात अधिक झाले. तेव्हा इतिहासावर बोला म्हटल्यावर आम्ही चाकांचाच इतिहास सांगणार, हे श्रोत्यांनी गृहीत धरावे.

आरंभ एका शब्दापासून करू. अकोल्यात कोणी ‘टेम्पो सांगून ये’ म्हणाले, तर ऐकणारा ‘कोणत्या कंपनीचा?’ असे विचारीत नाही. टाटांची असो, महिंद्रांची असो, लहान मालमोटार म्हणजे टेम्पो. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे, तसेच हे. मूळचे हे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातल्या फिडाल कंपनीच्या गाड्यांचे नाव. शब्दाचा अर्थ ‘गती’. ते नाव महाराष्ट्रात येऊन सामान्यनाम झाले, आणि पुढे २००५ साली बजाज टेम्पो कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले, तरी आपल्या तोंडचा टेम्पो गेला नाही. लोकांनी एखादे नाव आपल्या बोलीत घेतले की त्या वस्तूने लोकांच्या जीवनात जागा केली असे समजावे. ही जागा तिने कशी मिळवली, आणि आज जुनी, खडखडणारी डिझेल गाडी दिसली की जाणत्या माणसाची मान अजून तिकडे का वळते, हा आमचा विषय आहे.

टेम्पोपूर्वी वऱ्हाडात दोनच वाहने होती : बंडी आणि रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोल्यावरून १८६७ साली नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गेली, तीही कापसासाठीच. पण रूळ गावाच्या वेशीपर्यंत येत नाहीत. शेतापासून जीनपर्यंतचा मधला पल्ला बैलाच्या खांद्यावर राहिला. पावसाळ्यात काळ्या मातीने चाक धरले की बंडी तिथेच उभी. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे मोठे ट्रक आले, परंतु दहा पोत्यांच्या धन्याला ट्रक परवडत नाही, आणि ट्रक त्याच्या गल्लीत शिरतही नाही. बंडी आणि ट्रक यांच्यामध्ये एक रिकामी जागा होती. इतिहासात अशा रिकाम्या जागाच महत्त्वाच्या असतात.

ती जागा भरण्याचे काम १९५८ साली सुरू झाले. अहमदनगरचे, स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतलेले नवलमल फिरोदिया आणि बजाज उद्योगसमूह यांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी काढली. मुंबईत गोरेगावला तीनचाकी ‘हान्सिआट’ तयार होऊ लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस गेला. पुढे एकच चाक, त्यावर लांबट नाकाड आणि मागे मालाचा हौदा, असे तिचे रूप होते. त्या नाकाडावरून लोकांनी तिला ‘डुक्कर’ म्हटले. नाव तुच्छतेचे वाटते, पण त्यात घरच्या जनावराला हाक मारावी अशी सलगी होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत लहान दुकानदारासाठी ही गाडी बनली होती. गरिबीतून उभ्या राहणाऱ्या आपल्या देशाला ती चपखल बसली, यात नवल नाही.

मात्र हान्सिआट आली ती पेट्रोलवर. खरी क्रांती केली डिझेलने. १९६९ साली चार चाकांची मॅटाडोर आली, आणि पुढे मर्सिडीज कंपनीशी करार होऊन तिला २.४ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. महिंद्रांच्या जीपमध्येही ट्रॅक्टरच्या वंशातील डिझेल इंजिने बसू लागली. टाटांची ४०७ ही १९८६ साली आणि पुण्यात बनलेली ‘टाटामोबाईल’ पिकअप १९८८ साली रस्त्यावर आली.

डिझेलचे वैशिष्ट्य काय? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात हवाच इतकी दाबली जाते, की त्या काळच्या लहान इंजिनांत ती विसाव्या-एकविसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबली जाई. दाबाने ती तापते आणि त्यात तेलाचा फवारा पडताच पेट घेते. ठिणगी नाही, म्हणून ठिणगीची यातायातही नाही. पंप, नोझल आणि सकाळी थंडीत तापवायचे हीटर एवढे सांभाळले की गाडी चालली. चढावर, संथ चालीतही तिचा जोर टिकतो, आणि तेवढ्याच कामाला तेल कमी लागते. त्यात सरकारने अनेक वर्षे डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला. १९७३ साली जगात तेलाचा भडका उडाल्यावर हा फरक गाडीवाल्याच्या चुलीपर्यंत जाऊन भिडला.

पण एक कारण आम्हांला याहून मोठे वाटते. डिझेल इंजिन वऱ्हाडाला परके नव्हते. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यास निघाली, आणि अशा इंजिनांचे ‘डुग डुग’ विहिरीविहिरीवर ऐकू येऊ लागले. मॅटाडोर गावात आली तेव्हा विहिरीवरच्या इंजिनाचे हेड काढणारा मिस्त्री तेथे आधीच हजर होता. त्याने कोणत्या महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. त्याने बॉनेट उघडले आणि ओळखीचा माणूस भेटावा तसे इंजिन पाहिले. यंत्र समाजात रुजते ते विकणाऱ्याच्या जाहिरातीने नव्हे, दुरुस्त करणाऱ्याच्या हाताने. पाटा तुटला तर लोहार तो बसवून देई, फाळका मोडला तर सुतार. बिघाड कानाला ऐकू येई, हाताला लागे. जुन्या गाडीची ओढ म्हणतात ती पुष्कळशी हीच : मालकाला आपली गाडी कळत असे.

आता कापसाकडे वळू. सरकीसह कापूस हा वजनाने हलका पण आकाराने अवाढव्य माल. दहा टन ओढण्याची ताकद त्याला लागत नाही, उंच भरता येईल असा हौदा लागतो. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि संकलन केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागू लागल्या. त्या रांगेत बंडीच्या मागे टेम्पो उभा राहिला आणि हळूहळू त्यानेच बंडीला रांगेबाहेर काढले. परतताना तोच टेम्पो किराणा आणी, खत आणी, आणि लग्नसराईत वऱ्हाडही आणी. हे शेवटचे कायद्यात बसत नव्हते, हे आम्ही सांगायला नको!

कायद्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्याने केलेले एक मोठे काम सांगितले पाहिजे. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे लहान वाहतूकदारास कर्ज देणे हे अग्रक्रमाचे काम ठरले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालासह ३,००० किलोपर्यंत वजनाच्या मालवाहनाला परमिटच्या अटीतून मोकळे केले. या दोहोंमुळे काल दुसऱ्याची गाडी चालविणारा माणूस आज स्वतःच्या गाडीच्या दारावर आईचे नाव रंगवू शकला. एका कामगाराच्या आयुष्यात याहून मोठी बढती आम्ही क्वचितच पाहिली आहे.

येथवर गौरव झाला. आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर आमच्या धंद्याशी बेइमानी होईल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले, विश्रांती आणि रजा दिली. पण तो मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. टेम्पोवर माणसे किती? एक चालक, एक क्लिनर. म्हणजे ज्या लहानपणामुळे गाडी घराघरात पोचली, त्याच लहानपणामुळे तिच्यावरचा माणूस कायद्याच्या छपराबाहेर राहिला. एका मालकाच्या गाड्या आम्ही मोजल्या, त्या आठ भरल्या. कागदावर मात्र त्या चार नातेवाइकांच्या दोन-दोन होत्या. भाऊ, मेहुणा, पत्नी आणि म्हातारी आई, असे चार ‘उद्योगपती’ त्या घरात नांदत होते! २०२० च्या श्रमसंहितेत तो जुना कायदा विलीन करण्यात आला, तरी एका गाडीच्या एका चालकाचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. आणि जो चालक स्वतःच मालक झाला, त्याने तरी काय केले? हप्ता फेडण्यासाठी सोळा-सोळा तास तो स्वतःलाच राबवीत राहिला. त्याच्याविरुद्ध संप कोणी करायचा?

धुराचेही तसेच. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. जुन्या गाडीच्या काळ्या धुराला आठवणींचा सुगंध येतो असे म्हणणारे लोक बहुधा तिच्यामागे पोती उतरवीत नसतात. तो धूर प्रथम हमालाच्या आणि क्लिनरच्या छातीत जातो. म्हणून २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले तेव्हा आम्ही त्याला सरसकट विरोध केला नाही. आमचा प्रश्न एवढाच की, गाडी मोडीत निघाली तर तिच्यावर पोट असलेल्या माणसाला नवी गाडी कोणत्या हप्त्याने मिळणार, आणि ती बिघडली तर गावचा मिस्त्री तिला हात लावू शकणार की शहरातून संगणक मागवावा लागणार?

२००५ साली टाटांची ‘एस’ आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. डुकराच्या जागी हत्ती आला, पण मागणी तीच राहिली. उद्या डिझेल जाऊन विजेची गाडी येईल, आणि यावीच. मात्र जुन्या गाडीने शिकविलेले धडे तिच्याबरोबर मोडीत काढू नयेत. यंत्र असे असावे की ते वापरणाऱ्याला कळेल आणि जवळच्या कारागिराला दुरुस्त करता येईल. भांडवल असे मिळावे की चालक मालक होऊ शकेल. आणि कायद्याने गाड्या किती हे मोजण्यापूर्वी, गाडीवर माणूस आहे की नाही हे पाहावे. पहिल्या दोन गोष्टी टेम्पोने आपल्या परीने करून दाखविल्या. तिसरी कोणतेही इंजिन करू शकत नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.