वानलेसवाडी, क्षयरोग आणि सावलीची शिस्त
#थ्रेड

१/७
सांगली-मिरज दरम्यानच्या वानलेसवाडीस हे नाव मिळाले ते डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून. या मिशनरी शल्यचिकित्सकाचे रुग्णालय १८९४ मध्ये मिरजेत उभे राहिले. पुढे १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीचे आरोग्यधाम सुरू झाले.

२/७
क्षयावर तेव्हा गुणकारी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये. तोवर उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या क्ष-किरणांमुळे रोग हटतो आहे की पसरतो आहे, हे पाहण्याचे साधन जगभरच्या आरोग्यधामांना लाभले.

३/७
पण एक्स-रे म्हणजे अखेर सावलीच. दिव्यापुढचा हात भिंतीपासून दूर गेला की त्याची सावली मोठी होते. हृदय छातीत पुढच्या बाजूस असते. म्हणून रुग्णाची छाती फिल्मच्या पेटीला टेकवतात आणि किरण सुमारे ६ फुटांवरून पाठीकडून सोडतात. झोपलेल्या रुग्णाचा एक्स-रे जवळून, समोरून काढला, तर निरोगी हृदयही वाढलेले भासते.

४/७
प्रौढांचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात घर करतो. नेमका तोच भाग कॉलरबोन आणि खांद्यामागच्या पसरट हाडांनी झाकला जातो. म्हणून हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे. त्यामुळे पाठीची हाडे फुप्फुसावरून बाजूला सरकतात.

५/७
मग ‘दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा’. श्वास अपुरा राहिला, तर फुप्फुसाचा तळ दाटून रोगट दिसतो. शरीर किंचित वळले, तर एक फुप्फुस दुसऱ्याहून अधिक काळे उमटते. म्हणून दोन्ही कॉलरबोनची आतील टोके मणक्याच्या मध्यापासून समान अंतरावर आहेत ना, हे आधी पाहतात.

६/७
ही शिस्त जीवनमरणाशी निगडित होती. दोन महिन्यांच्या दोन चित्रांची तुलना करायची, तर उभे राहण्याची रीत एकच हवी. डाग हाडाआड लपला, तर रोगी बरा समजून घरी जाई आणि रोग मुलाबाळांपर्यंत पोहोचे. खोटी सावली रोग ठरली, तर निरोगी माणसाला घरापासून दूर दिवस कंठावे लागत.

७/७
१९५५-५८ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लहान फिल्मवर असंख्य छात्यांची चित्रे घेतली गेली. पुढे मद्रासच्या अभ्यासाने घरी घेतलेली औषधेही तितकीच गुणकारी ठरतात हे दाखवले, आणि आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले. ‘हनुवटी वर, श्वास रोखा’ ही सूचना मात्र आजही प्रत्येक एक्स-रे खोलीत ऐकू येते.